चाल का बदलते?

(इंदापूर येथे महिलांच्या आरोग्य बैठकीत एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या बैठकीसाठी मला ‘गुडघेदुखी’ हा विषय दिला होता. मी त्यात थोडा बदल करून घेतला आहे. गुडघ्याबद्दल मी बोलणारच आहे, पण आधी चालण्याबद्दल बोलू. कारण गुडघा दुखतो हे बाई वर्षानुवर्षं तोंडानं सांगत नाही. तिची चाल मात्र ते रोज सगळ्या गावाला सांगत असते. गाव ते बघतं आणि तिला नाव ठेवतं. कुणी म्हणतं बदकासारखी चालते, कुणी फेंगडी म्हणतं. घरात ऐकू येतं, “रानात जायचं म्हटलं की हिचे पाय दुखतात. जत्रेला बरी चालते.”

मी इतकी वर्षं बायकांचे गुडघे, खुबे, घोटे तपासते आहे. माझ्याकडे येणारी बाई बसायच्या आधीच, दारातून आत येतानाच मला निम्मं कळलेलं असतं. ती कुठल्या पायावर कमी वेळ उभी राहते, अंग कुठे झुकवते, पाय किती फाकवते, पावलाचा कुठला भाग आधी टेकवते, या प्रत्येक गोष्टीला कारण असतं. बिघडलेली चाल म्हणजे दुखऱ्या सांध्याला वाचवण्यासाठी शरीरानं केलेला हिशेब असतो. तो हिशेब आपल्याला वाचता आला पाहिजे, म्हणजे आपण स्वतःला आणि एकमेकींना आळशी म्हणणार नाही. शिवाय वेळेवर काय करायचं तेही कळेल.

आपल्याच तालुक्यात झालेली मोजणी

संधिवात हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या लोकांचा आजार आहे, कष्ट करणाऱ्याला तो होत नाही, असं अजूनही म्हटलं जातं. हे खरं नाही, याचा मोठा पुरावा आपल्याच इंदापूर तालुक्यातून मिळालेला आहे. १९९६ साली पुण्याच्या ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस’चे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणमध्ये सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम आखला होता, त्याच्या पद्धतीनं ही पाहणी झाली. दवाखान्यात कोण येतं याची वाट न बघता घरोघर जाऊन विचारायचं, ही ती पद्धत.

भिगवणमध्ये ४०९२ प्रौढ माणसांची विचारपूस झाली. त्यातल्या ७४६ जणांना, म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना, हाडा-सांध्याचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. त्यात बायकांचं प्रमाण जास्त होतं. दुखण्याच्या जागांमध्ये गुडघा आणि कंबर आघाडीवर होते. झिजेचा संधिवात शंभरात जवळपास सहा जणांना निघाला. सांधे सुजवून वाकडे करणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, तो दोनशे माणसांमागे एकाला होता. दोनशेत एक हा आकडा लहान वाटेल. पण हजार प्रौढ माणसं असलेल्या गावात त्याचे पाच जण होतात, आणि त्यात बहुतेक बायका असतात.

या पाहणीकडे मी स्त्री चळवळीची कार्यकर्ती म्हणूनही बघते. दवाखान्याच्या नोंदवहीत बाई उशिरा येते किंवा येतच नाही. सोबत कोण येणार, म्हशीची धार कोण काढणार, पैसे कुणाला मागायचे, या तीन प्रश्नांत तिचं दुखणं अडकतं. नोंदवही बघून कुणी म्हणेल की बायकांना हा आजार फारसा नाही. दारात जाऊन विचारलं तेव्हा तो मोजला गेला. जे मोजलं जात नाही त्यासाठी ना औषध येतं, ना पैसा.

चालणं म्हणजे एका पायावरचं उभं राहणं

आता जरा उभ्या राहा. पदर खोचून घ्या. जागच्या जागी हळू चाला आणि पायाखाली काय होतंय ते बघा.

टाच टेकली, मग सगळं पाऊल टेकलं, मग टाच उचलली आणि चवड्यानं जमीन मागे ढकलली. नंतर पाय हवेतून पुढे गेला आणि पुन्हा टाच टेकली. हा झाला चालण्याचा एक फेरा. त्यातला सुमारे साठ टक्के वेळ ते पाऊल जमिनीवर असतं आणि चाळीस टक्के वेळ हवेत. दोन्ही पावलं एकाच वेळी जमिनीवर असतात तो काळ अगदी थोडा, फेऱ्याच्या सुरुवातीला आणि मधे मिळून वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चालताना बहुतेक वेळ आपण एका पायावर उभ्या असतो. चालण्याचं सगळं अवघडपण या एका गोष्टीत आहे.

आता एक पाय उचला आणि एका पायावर उभ्या राहा. कंबरेच्या बाजूला, खुब्यावर हात ठेवा. तिथला स्नायू घट्ट झालेला लागतोय का? उचललेल्या बाजूला कंबर कलंडू नये म्हणून तो ओढून धरतो आहे. तराजूची दांडी आठवा. मधे खुब्याचा सांधा, एका बाजूला अख्ख्या अंगाचं वजन, दुसऱ्या बाजूला हा स्नायू. वजनाकडची दांडी लांब आहे आणि स्नायूकडची आखूड. त्यामुळे त्याला वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. सांध्यावर दोन्हींचा भार येतो, तुमचं वजन आणि स्नायूची ओढ. म्हणून साधं चालतानाही खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. पन्नास किलोच्या बाईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला सव्वाशे-दीडशे किलो! गुडघ्यावरही चालताना दोन ते तीन पट येतो आणि जिना उतरताना त्याहून जास्त.

निरोगी सांधा हा भार सहज पेलतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. त्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. दाबली की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, सोडली की आत शिरतं, आणि त्याबरोबरच तिचं पोषण होतं. म्हणजे सांध्याला हालचाल लागतेच. ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं, आता हलू नका’ हा सल्ला म्हणून चुकीचा आहे.

गुडघा झिजतो तेव्हा

एका पायावर उभं असताना अंगाच्या वजनाची रेघ गुडघ्याच्या आतल्या बाजूनं जाते. त्यामुळे चांगल्या गुडघ्यातसुद्धा साठ-सत्तर टक्के भार आतल्या अर्ध्या भागावर येतो. आपल्याकडच्या बायकांचा गुडघा बहुतेक वेळा आतूनच झिजायला लागतो. आतली फट कमी झाली की पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकतो. पाय वाकला की वजनाची रेघ आणखी आत सरकते आणि आतल्या भागावर आणखी भार पडतो. हे असं चक्र आहे. म्हणूनच पाय वाकायला लागलेल्या बाईला ‘वय झालं, आता असंच’ म्हणून परत पाठवणं बरोबर नाही.

आता अशा बाईची चाल आठवा. दुखऱ्या पायावर वजन आलं की ती सगळं अंग त्याच बाजूला झुकवते. दोन्ही गुडघे गेले असतील तर दोन्हीकडे झुलते, आणि लोक म्हणतात बदकासारखी चालते. का झुलते? अंग त्या पायाच्या वर नेलं की वजनाची रेघ सांध्याच्या जवळ येते आणि आतल्या दुखऱ्या भागावरचा भार कमी होतो. कुणी शिकवलेलं नसताना तिच्या शरीरानं हे शोधून काढलेलं असतं. पावलं बाहेर वळवते तेही त्याचसाठी. पावलं आखूड टाकते आणि हळू चालते, कारण वेग कमी झाला की धक्का कमी होतो. दोन्ही पाय जमिनीवर ठेवण्याचा वेळ वाढवते, कारण एका पायावर उभं राहणं तिला नको असतं.

दुसरी खूण बघा. टाच टेकल्यावर चांगला गुडघा पंधरा-वीस अंश वाकतो. गाडीच्या पाट्यासारखा तो धक्का झेलतो. हे काम मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचं. गुडघा दुखायला किंवा सुजायला लागला की हा स्नायू आखडून काम करायचं थांबवतो आणि काही आठवड्यांतच बारीक होतो. दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या मांडीला हात लावून बघा, फरक कळेल. स्नायू दुबळा झाला की गुडघा दगा देईल अशी भीती वाटते. बाई तो ताठ ठेवून चालते, आणि मग धक्का झेलायला कुणीच उरत नाही. पाय हवेतून पुढे नेताना गुडघा साठ अंशांपर्यंत वाकावा लागतो, म्हणजे बोटं जमिनीला घासत नाहीत. ताठ गुडघ्याची बाई उंबऱ्याला ठेचकाळते ती यामुळे. तिला वेंधळी म्हणण्याआधी तिचा गुडघा किती वाकतो ते बघा.

तिसरी खूण, गुडघा पूर्ण सरळ न होणं. रात्री दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय अनेकींना असते. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण महिनोन् महिने तसं झोपलं की सांधा वाकलेलाच राहतो. अर्धवट वाकलेल्या पायावर उभं राहायचं तर मांडीचा स्नायू क्षणभरही सुटत नाही. तुम्ही स्वतः गुडघे थोडे वाकवून दोन मिनिटं उभ्या राहून बघा. तो पाय आखूड पडतो, कंबर तिरकी होते आणि मग पाठ दुखायला लागते. ती बाई पाठीचं औषध घेत राहते, मूळ मात्र गुडघ्यात असतं. म्हणून उशी काढा.

खुबा आणि पाऊल

खुबा बिघडला की दुखणं नेहमी खुब्यात जाणवतं असं नाही. ते जांघेत येतं, कधी गुडघ्यात उतरतं. मांडी घालून बसता येत नाही, पायात पैंजण घालता येत नाहीत, नखं कापता येत नाहीत. चालताना त्या बाजूचा स्नायू ओढून धरू शकला नाही की पलीकडची कंबर खाली पडते, किंवा तसं होऊ नये म्हणून बाई अंग दुखऱ्या बाजूला टाकते. पाय मागे जात नाही, म्हणून पाऊल आखूड पडतं.

आमवात बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. त्यात हाताच्या बोटांबरोबर पावलंही लवकर सापडतात. चवड्याचे छोटे सांधे सुजतात, बोटं वर उचलली जातात आणि हाडांची टोकं तळव्याला येतात. बाया सांगतात, “खड्यांवर चालल्यासारखं वाटतं.” चवड्यानं जमीन ढकलायची ताकद जाते. मग बाई टाचेवर, पाय घासत, घोटा न हलवता चालते. सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त वेळ सांधे आखडलेले, दोन्ही बाजूंचे सांधे सुजलेले, आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं, असं असेल तर गोळी घेऊन बसू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होणं पुष्कळ थांबवता येतं. यावरचं नेहमीचं औषध, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात ते चालत नाही. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. लग्न ठरलेल्या मुलींना ही गोष्ट लपवून ठेवायला सांगतात, आणि पुढे त्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

कामाचा भार कुठे जातो?

गुडघेदुखीवर बाईला पहिला सल्ला मिळतो तो ‘वजन कमी करा’. त्यात तथ्य आहे. अंगावरचं एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोच्या आसपास कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. जिचं वजन जास्त आहे तिनं चार-पाच किलो उतरवले तरी चालण्यात फरक पडतो. पण माझ्याकडे पंचेचाळीस किलोच्या, रक्त कमी असलेल्या शेतमजूर बायकाही वाकलेले गुडघे घेऊन येतात. त्यांना वजन कमी करा म्हणून कसं सांगणार? त्यांचं वजन अंगावर नाही, डोक्यावर आहे.

पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो. सांध्याला मात्र तो पंधरा किलोचा लागत नाही. वर सांगितलेल्या तराजूच्या हिशेबानं तो खुब्यावर चाळीस किलोपर्यंत जातो. आपल्या तालुक्यातल्या कारखान्यांवर दरवर्षी बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढण्याचं काम बाईकडेही असतं. वीस किलोची मोळी धरली तरी चढताना आणि उतरताना गुडघ्यावर किती पडत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. एक दिवस बसली तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. त्यामुळे सुजलेल्या गुडघ्यानंच चढावं लागतं. याच बायकांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. त्यात अंडाशयंही काढली गेली असतील तर पाळी अकाली थांबते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. एकाच बाईच्या शरीरावर हे सगळं जमा होत असतं.

घरचं काम बघा. खुरपणी उकिडवं बसून. धार उकिडवं बसून. भांडी, धुणं, चूल, शेण, सगळं जमिनीशी. संडास उकिडवं बसूनच. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात वाटीचं हाड मांडीच्या हाडावर जोरात दाबलं जातं. चीनमध्ये बीजिंग शहरातल्या साठीच्या पुढच्या लोकांची तपासणी करून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाशी तुलना केली गेली. बीजिंगच्या बायकांत गुडघ्याची झीज जास्त निघाली आणि खुब्याची फारच कमी. तरुणपणी दिवसातले तासन् तास उकिडवं बसावं लागलेल्यांना गुडघ्याची झीज जास्त होती, असंही पुढच्या अभ्यासात दिसलं. म्हणून उकिडवं बसणं वाईट म्हणायचं का? दिवसातून थोडा वेळ बसल्यानं बिघडत नाही. खुबे आणि घोटे त्यानं लवचीकही राहतात. प्रश्न आहे तो तासन् तास बसण्याचा, आणि त्या कामाची दुसरी तऱ्हा कुणी शोधलीच नाही याचा. पुरुषांच्या कामासाठी ट्रॅक्टर आला, फवारणीयंत्र आलं. खुरपं मात्र आजीच्या काळात होतं तेवढ्याच लांबीचं राहिलं.

आपल्याला करता येईल असं

पहिली गोष्ट, मांडीचा स्नायू. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा, एक पाय सरळ करा, दहा अंक मोजेपर्यंत धरा आणि सोडा. असं प्रत्येक पायानं दहा वेळा, दिवसातून दोनदा. झोपल्यावर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, आणि दाबून झालं की काढून ठेवा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचला, म्हणजे खुब्याच्या बाजूचा स्नायू तयार होतो. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठा-बसा करा. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडू नका. ‘शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?’ असं मला नेहमी विचारतात. राबण्यात सगळे स्नायू सारखे वापरले जात नाहीत. जो दुबळा झाला आहे त्याला तर शरीर कामातून वगळत असतं.

दुसरी गोष्ट, काठी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा किंवा उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचे. तराजूची दांडी पुन्हा आठवा. पलीकडच्या हातानं काठीवर थोडासा जोर दिला तरी खुब्याच्या स्नायूचं काम कितीतरी हलकं होतं. बहुतेक जणी दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि अंग आणखी तिकडे झुकवतात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेघेपर्यंत काठीची मूठ यावी आणि खाली रबरी बूच असावं. ओझं उचलावंच लागलं तर खुबा दुखत असेल त्याच बाजूच्या हातात घ्या. ऐकायला उलटं वाटतं, पण दुसऱ्या हातात घेतलं तर खुब्यावर भार जास्त येतो. जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

काठीची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पुरुषाच्या हातात काठी आली की तो कारभारी दिसतो, बाईच्या हातात आली की म्हातारी. चाळिशीतली बाई काठी घेत नाही, त्यापेक्षा घरात बसते. घरात बसली की स्नायू जातात, मग दार सुटतं, मग गावातली बैठक सुटते. तुकोबांची पालखी दर आषाढात बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आपल्या तालुक्यातून जाते. देहू ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. त्यात साठी-सत्तरीच्या बायका काठी टेकत, थांबत, बसत चालतात आणि कुणी त्यांना हसत नाही. वारीत जो मान मिळतो तो रोजच्या रस्त्यावर का मिळू नये?

तिसरी गोष्ट, कामाची तऱ्हा. धार काढायला पाट किंवा बुटकं स्टूल घ्या. चूल किंवा गॅस ओट्यावर घ्या. खुरप्याला लांब दांडा लावून घ्या, आणि बसून-उभं असं काम बदलत राहा. बुडाला जाड, मऊ, पायात बसणारी चप्पल घाला. झिजलेली स्लीपर टाकून द्या.

चौथी गोष्ट, नाव नसलेल्या पुड्या आणि ‘एका सुईत गुडघा बरा’ यांपासून लांब राहा. लगेच आराम देणाऱ्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. पुडीत काय आहे ते सांगत नसेल त्याच्याकडून औषध घेऊ नका.

सांधा पूर्ण गेला असेल तर तो बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली होते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. त्याआधी दीड लाखाच्या पुढे मिळणारा नेहमीच्या धातूचा गुडघा त्या वेळी ५४,७२० रुपयांवर आला. दवाखान्याचा बाकीचा खर्च वेगळा असतो, पण बिलात सांध्याची किंमत वेगळी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. शस्त्रक्रियेनंतर सहसा उकिडवं बसता येत नाही. म्हणजे घरात कमोड लागतो, खुर्ची लागते, पलंग लागतो. हे आधी ठरवा. नवा गुडघा बसवायचा आणि जुन्याच संडासाला पाठवायचं, असं करू नका. आणि ‘या वयात बाईवर एवढा खर्च कशाला?’ हा प्रश्न घरात निघाला तर गेल्या तीस वर्षांत तिच्या गुडघ्यांवर घरानं किती कमावलं, तेही त्याच बैठकीत मोजा.

मागण्या

व्यायाम आपण घरी करू, पण सगळं ओझं पुन्हा बाईच्याच शिस्तीवर टाकून चालणार नाही. काही गोष्टी गावानं आणि सरकारनं करायच्या आहेत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण एस.टी.ची पायरी तेवढीच उंच आहे. जिचा गुडघा वाकत नाही तिला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? पायरी खाली आणा आणि धरायला दांडा द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामपंचायतीत आणि बाजाराच्या संडासात निदान एक कमोड आणि भिंतीला धरायची नळी हवी. पाणी दारात हवं, म्हणजे हंडा डोक्यावरून उतरेल. कारखान्यांनी ऊस भरायला यंत्राची सोय करावी, आणि आजारपणाचा खाडा बंद व्हावा. आशाताईंना सांधे तपासायचं आणि व्यायाम दाखवायचं शिकवावं. ज्यांची हालचाल खूप बाधित झाली आहे त्यांनी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तपासणी करून घ्यावी. हालचालीचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त ठरलं तर प्रमाणपत्र आणि त्याचे हक्क मिळतात. ‘आम्ही काही अपंग नाही’ म्हणून बायका ते मागतच नाहीत.

शेवटी एक काम सांगते. भिगवणला १९९६ साली डॉक्टरांनी मोजलं. आता आपण आपापल्या गावात मोजू. प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतल्या तीस वर्षांपुढच्या बायकांना पाच गोष्टी विचारायच्या: जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का, जिना उतरता येतो का, एस.टी.त चढता येतं का, संडासाला बसता येतं का, आणि सकाळी सांधे किती वेळ आखडतात. पाचही उत्तरं वहीत लिहायची. सकाळी तासभर सांधे आखडणाऱ्या बाईला त्याच आठवड्यात दवाखान्यात पाठवायचं आणि तिच्याबरोबर एकीनं जायचं. बाकीच्यांना व्यायाम दाखवायचा. आणि सगळ्या वह्या एकत्र करून ग्रामसभेत वाचायच्या. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. काठी असेल तर तीही घेऊन या, उंची बरोबर आहे का ते मी बघून देईन.